कुत्र्याचं रक्त मशिनवर गाळून गोचीडताप बरा होतो का?

शाहूपुरीची_मंजिरी

नमस्कार मंडळी. आमची चिंगी, लॅब्रॅडोर, वय सहा, वजन २८ किलो. ताप येतो-जातो, खाणं जवळपास बंद आहे. जिन्याच्या दोन पायऱ्या चढली की तिथंच बसते. काल लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

रिपोर्ट असे : हिमोग्लोबिन ५.२, पीसीव्ही (रक्तातल्या तांबड्या पेशींचं टक्क्यांतलं प्रमाण) १६, प्लेटलेट ३८,०००, क्रिएटिनीन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) ३.१. स्लाइडवर बॅबेशिया, म्हणजे गोचीडतापाचा परजीवी, दिसला असं लिहिलंय. आधी एका दवाखान्यात नेलं होतं. तिथं वजन न करताच एक पिवळं इंजेक्शन टोचलं आणि घरी पाठवलं. आता दुसऱ्या डॉक्टरांकडे सलाईन चालू आहे.

माझ्या नणंदेनं एक व्हिडिओ पाठवलाय. परदेशातला दवाखाना, कुत्र्याच्या मानेत दोन नळ्या, रक्त मशिनमधून फिरून परत अंगात जातंय. खाली लिहिलंय की परजीवी गाळून काढतात. घरात सगळ्यांचं एकच, गाडी काढा आणि जिथं ही सोय असेल तिथं चिंगीला न्या. मला विचारायचंय ते हे की असं खरंच गाळता येतं का? कोल्हापुरात सोय आहे का? आणि या अवस्थेत तिला लांबचा प्रवास झेपेल का?

ऊसकरी_कागल

ताई, घाबरू नगा. आमच्या कारवान जातीच्या कुत्र्याला दोन वर्षांमागं हेच झालं हुतं. आज मळ्यात सशामागं पळतोय. मशिनचं मला कळत न्हाई, जाणकार सांगतील. पण गोचीडताप म्हंजे कुत्रं गेलंच असं धरून बसू नका. रक्त लागलं तर कळवा, कुत्रं घिऊन येतो.

पन्हाळ्याची_वाट

वाचतेय. चिंगीला लवकर आराम पडो.

बाडबिस्तरा

डायलिसिस म्हणतात तेच ना हे? आमच्या काकांचं आठवड्यातून तीनदा असतं. कुत्र्यांचंही करतात हे माहीत नव्हतं.

दाक्तर_निवृत्त

मंजिरीताई, मी पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. सविस्तर लिहितो, कारण हा व्हिडिओ माझ्याकडेही फिरत आलाय आणि त्याखालचं वाक्य लोकांना चुकीच्या वाटेला लावणारं आहे.

बॅबेशिया रक्तात सुटा पोहत नसतो. तो तांबड्या पेशीच्या आत शिरून बसतो, तिथंच वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडून दुसरीत शिरतो. डायलिसिसच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की त्यातून युरिया, क्रिएटिनीन, पोटॅशियम असे लहान रेणू तेवढे पलीकडे जातात. तांबडी पेशी त्यातून जात नाही, जाऊही नये. म्हणजे परजीवी पेशीसकट जसाच्या तसा कुत्र्याच्या अंगात परत येतो. डायलिसिस हे बंद पडलेल्या मूत्रपिंडाचं काम काही दिवस बाहेरून करून देतं. गोचीडताप त्यानं बरा होत नाही.

मग व्हिडिओत काय असेल? माझा अंदाज असा, की तो इटली-स्पेनकडचा असावा. तिकडे वालुमाशी चावून कुत्र्यांना लेशमानिया होतो. त्यात परजीवी आणि अँटिबॉडी यांचे गठ्ठे मूत्रपिंडात अडकून बसतात आणि मूत्रपिंड निकामी होत जातं. म्हणून तिकडे काही ठिकाणी रक्तातला प्लाझ्मा वेगळा करून गाळतात, म्हणजे ती मोठी प्रथिनं आणि गठ्ठे कमी होतात. पण लेशमानिया अस्थिमज्जेत, प्लीहेत दडलेला असतो. तो गाळून निघत नाही. ॲलोप्युरिनॉलसारखी औषधं त्या कुत्र्यांनाही घ्यावीच लागतात.

आता चिंगीबद्दल. ३.१ क्रिएटिनीन वाईट आहे, पण न खाल्ल्या-पिल्यानं अंगातलं पाणी आटलं की तेवढं चढू शकतं. सलाईननंतर परत तपासा. लघवी किती होते ते मोजा. लघवी थांबली, पोटॅशियम चढलं, सलाईन अंगात साठून सूज आली किंवा श्वास लागला, तर डायलिसिसचा विचार. त्याआधी नाही.

तिला आज खरी गरज दोन गोष्टींची आहे. बॅबेशिया कुठला आहे ते कळणं, आणि रक्ताची सोय. पीसीव्ही १६ आहे. कुत्र्याचा साधारण ३७ ते ५५ असतो. अजून उतरला तर रक्त चढवावं लागेल. दाता आत्ताच शोधा आणि तपासून ठेवा. ऐन वेळेला तपासणीला वेळ मिळत नाही.

शाहूपुरीची_मंजिरी

डॉक्टर, तुमचे किती आभार मानू. घरच्यांना वाचून दाखवलं, गाडी काढायचं थांबलंय. कुठला बॅबेशिया म्हणजे? रिपोर्टवर नुसतं बॅबेशिया आहे.

दाक्तर_निवृत्त

आपल्याकडे मुख्यतः दोन. एक आकारानं मोठा, व्होगेली. दुसरा बारीक, गिबसोनी. व्होगेलीवर इमिडोकार्ब चांगलं चालतं, चौदा दिवसांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं. त्याआधी ॲट्रोपिन देतात, नाहीतर लाळ गळते, उलट्या होतात. गिबसोनी मात्र इमिडोकार्बनं पुरता जात नाही. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन अशी जोडी दहा दिवस देतात. ॲटोव्हाक्वोन महाग आहे आणि मिळायला शोधाशोध होते. नाही मिळालं तर क्लिंडामायसिन, मेट्रोनिडाझोल, डॉक्सीसायक्लिन असं तिहेरी औषध जास्त दिवस चालवतात.

स्लाइडवर अनुभवी नजरेला आकारावरून कळतं. पण परजीवी थोडे असले तर स्लाइड कोरीही दिसते. कानाच्या टोकाला टोचून काढलेल्या थेंबाची स्लाइड केली तर सापडायची शक्यता वाढते. खात्रीसाठी पीसीआर, म्हणजे परजीवीचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी करा, आणि त्याच रक्तात एर्लिकिया हा गोचिडीतून येणारा दुसरा जंतूही बघायला सांगा. एकाच गोचिडीकडून दोन्ही येतात. प्लेटलेट एवढ्या उतरल्यात म्हणून सांगतोय. एर्लिकिया निघाला तर डॉक्सी पूर्ण २८ दिवस.

ते पिवळं इंजेक्शन बहुतेक डिमिनाझिन असावं, गोठ्यात ज्याला सगळे बेरेनिल म्हणतात. गाई-म्हशींना सर्रास देतात. कुत्र्यात त्याचा योग्य डोस आणि घातक डोस यांत फार अंतर नसतं, जास्त झालं तर मेंदूवर परिणाम होतो. वजन न करता देण्याचं ते औषधच नाही. काय दिलं, किती दिलं, ते त्या दवाखान्याकडून लिहून घ्या. हे विचारणं तुमचा हक्क आहे.

चेन्नईतला_बावडेकर

मूळचा कसबा बावड्याचा, सध्या चेन्नईत. आमच्या कुत्र्याचं डायलिसिस मी स्वतः पाहिलंय, म्हणून लिहितो. इथल्या मद्रास पशुवैद्यक महाविद्यालयात कुत्र्यांसाठी डायलिसिसचा विभाग आहे, बाहेरच्या गावांहून लोक येतात.

मानेच्या मोठ्या शिरेत दुहेरी नळी बसवतात. एका बाजूनं रक्त बाहेर, दुसरीनं आत. नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. पहिली फेरी मुद्दाम सावकाश आणि थोडाच वेळ करतात. युरिया एकदम उतरवला तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं होतं. आमचा कुत्रा टेबलावर कुशीवर पडून होता, मी त्याच्या कानामागं खाजवत बसलो होतो. बायको डोक्याशी, मी पाठीशी. झोपेचं इंजेक्शन द्यावं लागलं नाही.

पण त्याला गोचीडताप नव्हता, लेप्टो होता. औषधानं लेप्टोचे जंतू मरत होते, मूत्रपिंडाला सावरायला वेळ हवा होता, तो वेळ मशिननं दिला. तो वाचला. शेजारच्या टेबलावरचा जुन्या मूत्रपिंडविकाराचा कुत्रा मात्र दर फेरीनंतर दोन दिवस बरा दिसायचा आणि परत खाली यायचा. मशीन एकच, आजार वेगळा, निकाल वेगळा.

मंजिरीताई, कोल्हापूरहून चेन्नई म्हणजे बेंगळुरूच्याही पुढं. पीसीव्ही १६ असलेल्या कुत्रीला एवढा प्रवास करवू नका. रक्तच कमी आहे, श्वास पुरणार नाही.

पुराचं_पाणी

लेप्टोचा विषय निघालाच आहे तर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी होतं. उंदरांची लघवी मिसळलेल्या पाण्यातून, चिखलातून लेप्टो होतो आणि तो माणसालाही होतो. कावीळ, ताप, लघवी कमी, लक्षणं गोचीडतापासारखीच दिसतात. दरवर्षी पावसाळ्याआधी लस टोचून घ्या. आणि आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घाला, मंजिरीताई तुम्हीसुद्धा, चिंगीची लेप्टोची तपासणी होईपर्यंत तरी.

स्लाइडवाला

मी माणसांच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दाक्तरसाहेब, तुमचं सगळं पटलं, पण गाळून परजीवी निघूच शकत नाही या वाक्याला थोडी पुस्ती जोडतो. माणसांनाही बॅबेशिया होतो, अमेरिकेत त्याचे बरेच रुग्ण असतात. फार गंभीर रुग्णात, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त तांबड्या पेशींत परजीवी असेल तर, मशिनवर रुग्णाच्या तांबड्या पेशी वेगळ्या काढून दात्याच्या पेशी चढवतात. तिथं परजीवी पेशीसकट बाहेर जातो. म्हणजे मंजिरीताईंच्या मनात जे आहे त्याच्या जवळचं काहीतरी अस्तित्वात आहे.

दाक्तर_निवृत्त

बरोबर, आणि बरं झालं लिहिलंत. पण ते गाळणं नव्हे, पेशींची अदलाबदल आहे. सोबत औषध चालूच असतं. त्याला दात्यांच्या रक्ताच्या कितीतरी पिशव्या लागतात. आपल्या जिल्ह्यात कुत्र्याची एक पिशवी मिळवताना नाकी नऊ येतात, हे मी आयुष्यभर बघितलंय. आणखी एक. गोचीडतापात कधीकधी शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उलटतं. परजीवी आटोक्यात आला तरी पेशी फुटत राहतात. अशा वेळी प्लाझ्मा बदलून त्या अँटिबॉडी काढणं हा उपाय मोठ्या केंद्रांत करतात. तिथं मशीनला खरं काम आहे. पण सगळ्याच्या आधी औषध आणि रक्त.

रॉकेलविरोधी_आक्का

सगळे मशिनवर बोलताय, गोचिडीवर कोणीच नाही! ऐका माझं. गोचीड ओढताना रॉकेल ओतू नका, काडी लावू नका, बोटानं चिरडू नका. चिमट्यानं कातडीला चिकटून धरायची, सरळ वर ओढायची, साबणाच्या पाण्यात टाकायची. बघायची कुठं? कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. मी रोज संध्याकाळी आमच्या तिघांना उंबऱ्यावर ओळीनं बसवून बघते. तिसरा नंबर आला की तिकडून पळतो. शेजारीण म्हणते, वहिनी, शाळा सुटली.

आणि घर! ही तपकिरी गोचीड घरातच अंडी घालते, हजारोंनी. भिंतीच्या भेगा, दाराच्या चौकटी, जुन्या गोणपाटाच्या घड्या. कुत्र्याला औषध दिलं आणि गोणपाट तसंच ठेवलं तर काय उपयोग?

ऊसकरी_कागल

आक्का, तुमचं बराबर हाय. आमच्याकडं गोठ्याच्या दगडी भिंतीत लई हुत्या. दर्जा भरून घेतल्या, मग कमी आल्या.

बाडबिस्तरा

गोचिडीवरच्या गोळ्यांचं काय? ब्राव्हेक्टो, नेक्सगार्ड वगैरे. महाग आहेत म्हणून आम्ही थेंबांवर भागवतो.

दाक्तर_निवृत्त

ब्राव्हेक्टोची गोळी साधारण बारा आठवडे, नेक्सगार्डची महिनाभर. कुत्र्याला झटके येत असतील तर आधी डॉक्टरांना सांगा. बॅबेशिया अंगात उतरायला गोचीड साधारण दोन दिवस चिकटून राहावी लागते, म्हणून आक्कांची रोजची हजेरीही तितकीच मोलाची. थेंब वापरत असाल आणि घरात मांजर असेल तर डबीवर परमेथ्रिन लिहिलंय का बघा, मांजराला ते विष आहे.

आणि कुत्र्याला ताप आला म्हणून घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकनं मूत्रपिंड जातं, पोटात रक्तस्राव होतो. डायलिसिसपर्यंत पोचलेली कितीतरी कुत्री त्या गोळ्यांची असतात.

शाहूपुरीची_मंजिरी

ताजी बातमी. पीसीआरमध्ये गिबसोनी आला. एर्लिकिया नाही, लेप्टोही नाही. सलाईननंतर क्रिएटिनीन २.२, लघवी भरपूर. पण पीसीव्ही १३ वर आलाय, हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टर म्हणतात आजच रक्त. ॲटोव्हाक्वोन पुण्याहून येतंय, बसच्या पार्सलनं.

कागलकर दादा, तुमच्या कारवानचं काय?

ऊसकरी_कागल

ताई, दाक्तरसायबांनी लिवलं त्याच दिवशी रक्त तपासायला दिलं हुतं, पीसीआर पण. त्याला आधी गोचीडताप झाल्याला, म्हणून आमचा न्हाई चालणार म्हणाले, रिपोर्ट चांगला आला तरी. मग चुलतभावाची मादी दिली तपासायला, कारवानच, तीन वर्सांची, २६ किलो. तिचा रिपोर्ट साफ. निघालोय, हायवेला लागलो.

दाक्तर_निवृत्त

शाब्बास. गिबसोनी झालेलं कुत्रं बरं दिसलं तरी आतून वाहक राहू शकतं, त्याचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे आजार देणं. गिबसोनी कुत्र्यांच्या मारामारीत चावूनही पसरतो.

कारवान उत्तम दाता. पळणाऱ्या जातींचा पीसीव्ही मुळात चढा असतो. दात्याचं वजन २५ किलोच्या वर हवं, एका वेळी ४५० मिली निघतं. कुत्र्यात पहिल्यांदा रक्त देताना सहसा मोठी प्रतिक्रिया येत नाही, तरी दोघांचं रक्त जुळवून घ्याच. दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली तर जुळवल्याशिवाय अजिबात नाही.

पन्हाळ्याची_वाट

काय झालं? सकाळपासून उघडून बघतेय.

ऊसकरी_कागल

झालं बगा व्यवस्थित. मानंवरची केसं काढली, कुशीवर निजवली. पोरगी हालली न्हाई. पिशवी ताणकाट्याला टांगल्याली, वजन भरंल तसं बघत हुते. मग तिला सलाईन, बिस्किटं आणि दूधभात. ताईंच्या सासूबाईंनी तिला ओवाळलं, आमच्या चुलतभावाला लाज वाटली, पण डोळं भरल्यालं त्याचं.

शाहूपुरीची_मंजिरी

चार तास सावकाश रक्त चढलं. सुरुवातीला डॉक्टर दर काही मिनिटांनी ताप आणि नाडी बघत होते. आज पीसीव्ही २०. रात्री मान वर करून पाणी प्यायली.

ॲटोव्हाक्वोन तुपाच्या शिऱ्यातून देतेय. स्निग्ध खाण्याबरोबर दिलं तरच अंगी लागतं असं डॉक्टर म्हणाले. मुंबईच्या एका ओळखीच्यांनी माणसांच्या मलेरियाची गोळी सुचवली होती, ॲटोव्हाक्वोनबरोबर प्रोग्वानिल असलेली. तिनं उलट्या होतात म्हणून डॉक्टरांनी नुसतं ॲटोव्हाक्वोनच मागवलं.

रुईकर_कॉलनी_७

सगळं वाचलं. मला वाटतं कोल्हापुरात कुत्र्यांचं डायलिसिस केंद्र व्हायलाच हवं. दूधसंघ, साखर कारखाने, तालमी, एवढं सगळं इथं लोकांनी उभं केलं. वर्गणी काढली तर एक मशीन अवघड नाही. दरवेळी पुण्या-मुंबईकडं का बघायचं?

स्लाइडवाला

मशीन विकत घेणं सोपं. ते चालवणारा माणूस, शुद्ध पाण्याचं यंत्र, लहान कुत्र्यांसाठी वेगळे फिल्टर आणि नळ्या, रात्रीची पाळी, हे कोण देणार? पाच किलोच्या पोमेरियनच्या अंगात जेमतेम ४०० मिली रक्त. मोठी नळी लावली तर त्यातलं बरंचसं नळीतच जाईल. अर्धवट केंद्र धोक्याचं.

रुईकर_कॉलनी_७

म्हणून सुरुवातच करायची नाही का? माझा कुत्रा लेप्टोनं गेला. लघवी बंद होती, डॉक्टर म्हणाले डायलिसिस हवं, आणि ते जवळ कुठंच नव्हतं. वरच्या चेन्नईच्या प्रतिसादात वाचलं की तसलाच कुत्रा वाचला. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

स्लाइडवाला

माफ करा, तुमचं दुःख माहीत नव्हतं. तुमच्या कुत्र्याच्या बाबतीत मशीन हाच उपाय होता, यात वाद नाही. शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय पुणे-बेंगळुरू हायवेवरच आहे, सातारा-सांगली-कोल्हापूर तिन्हींना सोयीचं. शिकवणारे डॉक्टर तिथं आहेत. मागणी करायची तर सगळ्यांनी मिळून तिथल्यासाठी करूया. मी सही करतो.

रुईकर_कॉलनी_७

हे पटलं. निवेदनाचा मसुदा मी लिहितो.

दाक्तर_निवृत्त

मीही सही करेन. पण निवेदनाला वेळ लागेल, तोवर दात्यांची यादी करा. गोचीडतापात जी कुत्री दगावतात, त्यांतली पुष्कळशी रक्त वेळेत न मिळाल्यानं दगावतात. एक ते आठ वर्षं वय, २५ किलोच्या वर वजन, लसी झालेल्या, कधी गोचीडताप न झालेलं आणि कधी रक्त न घेतलेलं. वर्षातून एकदा पीसीआर.

रॉकेलविरोधी_आक्का

आमचा तिसऱ्या नंबरचा ३१ किलो आहे. पळतो, पण पकडून आणते. घ्या लिहून.

ऊसकरी_कागल

मादी लिवा. आमच्या गल्लीत आणखी चार कारवान हायत, मालकास्नी इचारतो.

बाडबिस्तरा

कळंब्यात एक जर्मन शेफर्ड, ३४ किलो. तपासणीचा खर्च आम्ही करू.

शाहूपुरीची_मंजिरी

पीसीव्ही २९, क्रिएटिनीन १.४. औषधाचा कोर्स संपला. चिंगी काल जिना चढून गच्चीवर गेली आणि सासूबाईंच्या कुरडयांच्या ताटात तोंड घातलं. कोणी रागावलं नाही.

यादीची वही माझ्याकडं ठेवते. ज्यांना नाव द्यायचंय त्यांनी मला निरोप धाडा, फोन नंबर इथं उघड्यावर लिहू नका. डॉक्टर, एक शेवटचं विचारते. आता स्लाइड कोरी आहे, म्हणजे गिबसोनी गेला असं धरू का?

दाक्तर_निवृत्त

नाही. औषध संपल्यापासून साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी पीसीआर करा. दोन्ही कोरे आले तर गेला म्हणायचं. तोवर तिला दुसऱ्या कुत्र्यांशी भांडू देऊ नका आणि गोचिडीची गोळी चुकवू नका. दाता म्हणून मात्र तिचं नाव वहीत कधीच येणार नाही.